फाटकाच्या आतला मार्च

कडुनिंबाची पानं गळायला लागली की मी अजूनही परीक्षेचे दिवस मोजायला लागते. साठी जवळ आली, नोकरीतून मोकळी झाले, मला आता कुणी मार्क विचारत नाही, कुणी रोल नंबर विचारत नाही. तरी मार्च आला की उगाच वाटतं, काहीतरी वाचायचं राहिलंय. मी पुण्याहून भोपाळला भावाकडे येते ती बहुधा ह्याच दिवसांत. भावाचं घर शाहपुऱ्यात, तळ्यापासून दोन गल्ल्या आत. ह्या वर्षी त्याच्या मुलीची, तन्वीची बोर्डाची परीक्षा. ती गच्चीवर पुस्तक घेऊन फेऱ्या मारते, आणि मी खाली भाजी निवडत बसले की वरून ओरडते, “आत्या, टीव्ही धीमा कर ना यार, सगळं डोक्यातून निकलून जातंय!” टीव्ही मी लावलेलाच नसतो. शेजारच्यांचा असतो. पण परीक्षेच्या दिवसांत घरातल्या माणसांनी सगळे गुन्हे कबूल करायचे असतात, म्हणून मी “हो गं” म्हणते.

भोपाळचा मार्च इतका देखणा का असतो आणि तो नेमका परीक्षेतच का येतो, हे मला आजवर कळलेलं नाही. सकाळी अजून शाल लागते, दुपारी पंखा लागतो. मिसरोदच्या बाजूला गव्हाची कापणी सुरू झालेली असते आणि वाऱ्यावरून भुसा उडत येतो, वाळत घातलेल्या कपड्यांना चिकटतो, मानेला खाजतो. निंबाची पिवळी पानं अंगणात घरंगळतात. झाडून घेतलं की पाठ फिरवेपर्यंत पुन्हा तितकीच. आमची आई म्हणायची, परीक्षेचा अभ्यास आणि निंबाचा पाला, दोन्ही संपत नाहीत. ते खरंच होतं, कारण आमच्या घरी दोन्हींच्या मागे तीच असायची, एका हातात झाडू आणि दुसऱ्या हातात माझी वही घेऊन.

आम्ही वाढलो ते मोठ्या कारखान्याच्या वसाहतीत. बाबा वर्ध्याहून इकडे नोकरीला आले तेव्हा इथे नुसतं माळरान होतं म्हणे. आम्ही मुलं जन्मलो तोवर रस्ते, शाळा, दवाखाना, बाजार सगळं उभं राहिलं होतं, आणि घरांच्या रांगा मोजून आखलेल्या होत्या. त्या घरांना क्वार्टर म्हणायचं आणि क्वार्टरला टाइप असायचा. खालचा टाइप एका खोलीचा, त्यावरचा दोन खोल्यांचा, असं वर वर. आडनावावरून जात ओळखण्याची सवय आम्ही गावाकडेच सोडून आलो असं आमचे वडीलधारे अभिमानाने सांगत. पण बाजारात नवी बाई भेटली की तिला नावाच्या आधी विचारत, “कौन से टाइप में रहती हैं आप?” आणि उत्तर ऐकून किती हसायचं ते ठरवत.

ह्या सगळ्या टाइपांच्या पलीकडे एक रस्ता होता. वसाहतीच्या तोंडाशी जो नकाशाचा फलक होता त्यावर सगळे रस्ते होते, तो नव्हता. गेस्ट हाउसच्या मागून एक वळण निघायचं, दोन्ही बाजूंना माणूसभर उंच मेंदीचं कुंपण, शंभर पावलांवर लोखंडी फाटक आणि फाटकाशी चौकीदाराची खोपटी. आत बारा बंगले. मोठ्या अधिकाऱ्यांची ही वस्ती, तिला सगळे साहब लाइन म्हणत. वसाहतीत दहा-दहा वर्षं काढून तो रस्ता न पाहिलेली माणसं होती. त्यांना तिथे जायचं कारणच पडत नसे. ज्यांना कारण पडे ते माळी, धोबी नाहीतर बिजली दुरुस्तीवाले असत, आणि त्यांनी बाहेर येऊन सांगितलेल्या गोष्टींवर आम्ही पोरी पोसलो होतो. आत म्हणे उन्हाळ्यातही हिरवळीवर पाणी मारतात. आत म्हणे नीलमोहराची झाडं आहेत आणि रस्ता जांभळा होतो. आत म्हणे कुणी ओरडून बोलत नाही.

आमच्याकडे सकाळी आठला नळ जायचा आणि ओरडल्याशिवाय कुणी बोलत नसे. मी आणि सुलभा मेंदीच्या कुंपणाला डोळा लावून आत बघायचो. सुलभा म्हणजे आमच्या रांगेतलं शेवटचं क्वार्टर. तिचे वडील गुलाबराव कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये टर्नर, मूळचे अमरावतीकडचे. माझे बाबा त्याच शॉपमध्ये सुपरवायझर. दोघे एकाच सायकलवर कामाला गेलेले, एकमेकांना अरे-तुरे करणारे. सुलभा माझ्याहून दोन महिन्यांनी मोठी आणि गणितात माझ्याहून दोन वर्षांनी पुढे. कुंपणाच्या फटीतून आत एकदा एक पांढरा कुत्रा दिसला होता आणि एकदा वेताची खुर्ची. तेवढ्यावर सुलभाने निकाल दिला, “काय ठेवलंय तिथं? खुर्ची तर आपल्या पोस्टमास्तरकडेही आहे.” मला मात्र ती खुर्ची रात्रंदिवस दिसायची. त्या फाटकाच्या आत जाण्याची इतकी ओढ मला होती की देवापुढे हात जोडले तरी तेच मागायची. मार्क मागायला हवे होते.

आमच्या रांगेत परीक्षेचा एक रिवाज होता. सोडवलेल्या उत्तरांचं जे जाड पुस्तक बाजारात मिळायचं, त्याला इकडे कुंजी म्हणतात. दोन घरांत मिळून एकच कुंजी घ्यायची. तिला खाकी कव्हर घालून त्यावर दोन नावं लिहायची, आणि एक दिवस एकीकडे, एक दिवस दुसरीकडे. दिवस मोजायचा तो कारखान्याच्या भोंग्यावर. पहिली पाळी सुटल्याचा भोंगा तीनला व्हायचा. भोंगा वाजला की रांगेतल्या दारादारांतून पोरं कुंज्या घेऊन पळायची. भोंग्यानंतर पुस्तक अडवून ठेवणं हे आमच्यात चोरीच्या खालोखाल समजत. आमच्या गणिताच्या कुंजीवर वर ‘सुलभा’ आणि खाली ‘नलिनी’ असं होतं. वरचं नाव तिचं, कारण अक्षर तिचं.

तेव्हा आमच्याकडे अकरावीला बोर्ड असायचं. सुलभाला इंजिनीअर व्हायचं होतं. मलाही व्हायचं होतं, पण मला इतरही बरंच काही व्हायचं होतं, आणि तिला फक्त तेच. “ड्रॉइंग हॉलमध्ये बसायचं, मोठं टेबल, वरून दिवा,” ती सांगायची. “बाबा नकाशा पाहून लोखंड कापतात ना, तो नकाशा मी काढीन.” गुलाबरावांना हे इतकं आवडायचं की ते शॉपमध्ये सगळ्यांना आधीच सांगून बसले होते.

त्याच मार्चमध्ये बाबांना बढती मिळाली. नुसती बढती नाही. ते ज्या कामात तरबेज होते ते काम सांभाळणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून दोन पायऱ्या एकदम चढवून त्यांना अधिकारी केलं, आणि साहब लाइनीत एक बंगला रिकामा पडला होता तो दिला. भाषेचे पेपर होऊन गेले होते, गणिताला सहा दिवस होते. बाबा म्हणाले, परीक्षा होऊ दे, मग जाऊ. आईला धीर नव्हता. बंगला दुसऱ्या कुणाच्या नजरेत भरला तर? एका रविवारी कारखान्याच्या ट्रॉलीत आमचा संसार चढला. रांगेतल्या सगळ्यांनी हात लावला. गुलाबरावांनी आमचं लोखंडी कपाट एकट्याने पाठीवर घेतलं. सुलभा ट्रॉलीत माझ्या पुस्तकांवर बसून फाटकापर्यंत आली. तिथे चौकीदाराने, दुबेजी त्यांचं नाव, ट्रॉली थांबवून माणसं मोजली आणि घरच्यांनाच आत सोडलं.

“कुंजी आज तुझ्याकडे,” सुलभा उतरताना म्हणाली. “उद्या तीनच्या भोंग्याला मी इथंच उभी राहीन. तू घेऊन ये.”

“हो,” मी म्हणाले. माझं लक्ष तिच्याकडे नव्हतं. फाटकाच्या आत खरंच सगळा रस्ता जांभळा झाला होता.

आतलं जग कसं होतं ते आता सांगायला बसले की लाज वाटते, पण मला ते फार आवडलं हे खोटं कशाला सांगू? नळाला दिवसभर पाणी. वाळ्याचे पडदे, त्यांच्यावर पाणी मारलं की घरभर ओल्या मातीचा गारवा. आणि शांतता. क्वार्टरात शेजारच्या घरी कुकरची शिटी झाली की आमची आई उठून आमचा गॅस बंद करायची, इतकं सगळं एकात एक. इथे शेजारचं घर दिसायचं, पण ऐकू यायचं नाही. बंगल्याला माडीवर एक खोली होती. ती मला अभ्यासाला मिळाली. खिडकीत टेबल, आणि खिडकीतून मेंदीच्या कुंपणावरून पलीकडचं सगळं दिसायचं: वळण, खोपटी, फाटक. इतकी वर्षं मी बाहेरून आत डोकावत होते. आता वरून बाहेर बघायला मिळालं आणि मला शिंगं फुटली.

आईला तर माझ्या दुप्पट फुटली. पहिल्याच सकाळी तिने दुबेजींना बजावलं, मुलीची बोर्डाची परीक्षा आहे, पेपर होईपर्यंत कुणालाही आत सोडायचं नाही. लाइनीत तशी पद्धतच होती. ज्या घरी बोर्डाचं मूल असेल त्या घरचे पाहुणे मार्चभर फाटकावरूनच परत जात. आई ही पद्धत एका सकाळीत शिकली. “कुणालाही” म्हणजे कुणाला, हे मी ऐकत होते. मनात म्हटलं, सुलभा आत कुठे येणार आहे, मीच फाटकाशी जाऊन पुस्तक देईन.

सोमवारी दुपारी शेजारच्या बंगल्यातली रीता माझ्याकडे आली. कॉन्व्हेंटमध्ये शिकणारी, केस खांद्यापर्यंत कापलेले, इंग्रजी असं बोलायची की मला फक्त मान हलवता यायची. ती माझ्या टेबलावर बसून पाय हलवत होती आणि मी अशा मैत्रिणीच्या स्वप्नात हरवले होते. तेवढ्यात तीनचा भोंगा झाला. आणि भोंगा थांबतो न थांबतो तोच फाटकावरून हाक आली, “नलेऽऽ! ए नलेऽऽ!”

क्वार्टरात आम्ही अशाच हाका मारायचो. एका टोकाला हाक मारली की दुसऱ्या टोकाचं दार उघडायचं. पण ह्या रस्त्यावर ती हाक फार मोठी झाली. समोरच्या बंगल्यातल्या बाई बाहेर येऊन बघायला लागल्या. मी खिडकीतून पाहिलं. सुलभा फाटकाच्या गजांना धरून उभी होती, भावाच्या मोठ्या चपला पायात, कपाळाला तेल. दुबेजी तिला हाताने दूर सारत होते.

“कौन है ये?” रीताने हसत विचारलं. “तुम्हें बुला रही है क्या?”

“पता नहीं,” मी म्हणाले.

दोनच शब्द. कुंजी माझ्या कोपराखाली होती.

मंगळवारी रीता नव्हती. भोंगा झाला, सुलभा आली. त्या दिवशी तिने हाक मारली नाही, नुसती उभी राहिली, एका पायावरून दुसऱ्या पायावर. त्या दिवशी मी जाऊ शकले असते. जिना उतरून दोनशे पावलं. ते फाटक आत येणाऱ्याला अडवत होतं, बाहेर जाणाऱ्याला कुणीच अडवत नव्हतं. पण गेले असते तर काल का नाही आलीस, ह्याचं उत्तर द्यावं लागलं असतं. सोमवारी मला तिची लाज वाटली होती, मंगळवारी माझी वाटली. आणि स्वतःची लाज जास्त जड असते. ती उचलून दोनशे पावलं चालवेना.

बुधवारी मी भोंग्याच्या आधीच पडदा ओढून घेतला.

नंतरचे दिवस तीन वाजले की मी मोठमोठ्याने वाचायला लागायची. आई खालून कौतुकाने ऐकायची. मला वाटलं, ती आता येत नसेल. दोनदा अपमान झाल्यावर कोण येतं? मी तिच्या जागी असते तर आले नसते, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि ते खरंही होतं. जेवताना बाबा एकदा म्हणाले, “आज गुलाबराव भेटला. विचारत होता, ‘मुलीचा अभ्यास कसा आहे, साहेब?’ मी म्हटलं, अरे, साहेब कुणाला म्हणतोस?” बाबांना त्या शब्दाने घास लागला होता. मला वेगळ्याच गोष्टीने. गुलाबराव पुस्तकाबद्दल बोलले की नाही हे विचारायचं धाडस झालं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं हे मला त्या आठवड्यात कळलं.

शनिवारी पेपर झाला. कुंजीतली तीन उदाहरणं जशीच्या तशी आली होती. मला दोन पाठ होती, तिसरं जमलं. बाहेर आवारात निंबाखाली सुलभा उभी होती. मी पिशवीतून कुंजी काढली. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, त्याआधी तीच म्हणाली, “काकूंनी कोंडून ठेवलं होतं न तुला? तो चौकीदार सांगत होता. मी म्हटलं, हिला कुणी बोललंच नसेल मी आली म्हणून.”

तिने मला उत्तर तयार करून हातात दिलं होतं. उदाहरण सोडवून द्यावं तसं.

“हो,” मी म्हणाले.

“मला वाटलंच,” ती म्हणाली. मग कुंजीकडे पाहून हसली. “आता हिचं काय लोणचं घालू?” पण घेतली, छातीशी धरली आणि गेली. तिला गणितात जेमतेम पास होण्यापुरते मार्क पडले. गणितात. सुलभाला. त्या वर्षी रांगेत कुणाचा विश्वास बसला नाही. इंजिनीअरिंगचा विषय मागे पडला. मी मात्र गेले, त्याच ड्रॉइंग हॉलमध्ये बसले, मोठं टेबल, वरून दिवा. नोकरी केली, पुण्याला घर केलं, चारचौघींत मिरवले.

एक कुंजी सहा दिवस न मिळाल्याने माणसाचं आयुष्य फिरतं का? मी हे स्वतःला इतक्या वेळा विचारलंय की प्रश्न झिजून गेला. कदाचित तिला त्या दिवसांत तापही असेल, भीतीही वाटली असेल, घरी काही असेल. मला माहीत नाही, कारण मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. मला एवढंच माहीत आहे की ती बाहेर उभी होती आणि मी आत होते, आणि आत जाण्यासाठी मी देवापुढे हात जोडले होते. पुढे मी कितीतरी बंद फाटकांच्या आत गेले. कंपनीचे क्लब, ओळखपत्र दाखवल्याशिवाय न उघडणाऱ्या लिफ्ट, डोंगरावरची घरं. प्रत्येक ठिकाणी पहिले दोन दिवस बरं वाटायचं. मग दुपारी तीनच्या सुमाराला मला कुणी हाक मारावी असं वाटायचं, मोठ्याने, रस्ताभर ऐकू जाईल अशी. तशी हाक मला पुन्हा कुणी मारली नाही. सुलभाची मला इतकी आठवण यायची की कधी कधी रस्त्यात चालताना मी मागे वळून बघायची.

ह्या वर्षी पाडव्याला भाऊ-वहिनीबरोबर मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेले. दारात निंबाची कोवळी पानं आणि गूळ वाटत होते. वाटणाऱ्या बाईंनी माझ्या हातावर पानं ठेवली आणि हात सोडलाच नाही.

“नले,” त्या म्हणाल्या. “ओळखलं नाही का?”

केस पांढरे झालेले, चष्मा, पण डोळे तेच, आधी उत्तर माहीत असलेले. अयोध्या नगरात तिचं घर आहे. नवरा बँकेतून निवृत्त. शाळेत गणित शिकवून ती स्वतःही निवृत्त झाली, आता घरी मुलांच्या शिकवण्या घेते. तिच्याभोवती चार-पाच मुली होत्या, तिच्या विद्यार्थिनी. त्यांना ती म्हणाली, “ही माझी बचपनची मैत्रीण. आमची एकच कुंजी होती. परीक्षेत बिचारीला हिच्या आईने माडीवर बंद करून टाकलं होतं, माहीत आहे?” मुली हसल्या. मी निंबाचं पान चावत होते, आणि ते संपेना.

“तू तो बंगला मला कधी दाखवला नाहीस,” ती निघताना म्हणाली. “मी आत कधी गेलीच नाही न. आता तर सगळं खाली पडलंय, कुणी राहत नाही, पाडणार असं म्हणून राहिले लोक. चल, उद्या जाऊ.”

नको म्हणायला मला चांगली पाच कारणं सुचली. एकही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रिक्षाने गेलो. वसाहत अर्धी ओस पडली आहे. क्वार्टरांच्या रांगांवर लाल रंगाने आकडे घातलेत, दारं-खिडक्या कुणी कुणी काढून नेल्यात. आमच्या रांगेपाशी सुलभाने रिक्षा थांबवली, उतरून आपल्या जुन्या क्वार्टरच्या भिंतीला हात लावला आणि पुन्हा येऊन बसली. गेस्ट हाउसच्या मागे मेंदी रानासारखी माजली होती. फाटक नव्हतं. दोन खांब उभे होते आणि मधून एक गाय शांतपणे बाहेर येत होती.

“बघ, हिला कुणी विचारत नाही,” सुलभा म्हणाली आणि आत शिरली. पदर खोचून, भराभर. मी मागे. तिने एकेक बंगला बघितला, हिरवळ होती तिथलं गवत बघितलं, नीलमोहराची फुलं उचलून हुंगली. “ह्यांना वास नसतो का?” मी म्हटलं, नसतो. “इतकी वर्षं मला वाटत होतं, असेल.”

आमच्या बंगल्याचं दार नुसतं लोटलेलं होतं. खाली कबुतरं. मी म्हटलं, वर काही नाही गं, जिना पडका आहे. ती तोवर चार पायऱ्या चढली होती. “तुझी अभ्यासाची खोली वर होती न? तीच तर बघायची आहे.” माझे गुडघे दुखतात म्हणून मी हळू चढले असं मी तिला सांगितलं. गुडघे दुखतात हे खरं आहे.

मी वर पोचले तेव्हा ती खिडकीत उभी होती. माझ्याकडे पाठ.

“अगं,” ती म्हणाली, “इथून तर फाटक दिसतं.”

मी दारातच उभी राहिले.

“आता दिसतं,” ती म्हणाली. तिने अजून वळून पाहिलं नव्हतं. “तेव्हा मधे झाड असेल. हो न?”

चाळीस वर्षांनी तिने पुन्हा एकदा मला उत्तर तयार करून दिलं होतं. मला फक्त हो म्हणायचं होतं. ती खाली उतरली असती, आम्ही कुठेतरी चहा घेतला असता, दर मार्चमध्ये भेटलो असतो. मला ती हवी होती, ह्या उरलेल्या आयुष्यात मला दुसरं फारसं काही नको होतं. आणि ती जी मैत्रीण जपून होती ती मी नव्हते, माडीवर कोंडलेली कुणी दुसरीच मुलगी होती.

“नाही,” मी म्हणाले. “झाड नव्हतं. मी तुला बघितलं होतं, सुलभा. सोमवारी आणि मंगळवारी. कुंजी इथेच होती, टेबलावर. मला कुणी कोंडलं नव्हतं. मीच आले नाही. बुधवारी मी पडदा ओढून घेतला.”

खाली कबुतरं फडफडली. सुलभाने खिडकीच्या कट्ट्यावरची धूळ तळहाताने पुसली, एकदा, दोनदा, फळा पुसावा तशी.

“पिवळा होता,” ती म्हणाली.

“काय?”

“पडदा. पिवळा होता, त्याच्यावर पांढरे ठिपके. मी शुक्रवारपर्यंत येत होती, नले. रोज तिथून ह्या खिडकीकडेच बघायची. वाटायचं, ऊन येत असेल तुला.”

तिने हात झटकले आणि माझ्या बाजूने जिना उतरून गेली. मी तिच्या मागे जायला हवं होतं, पण मी खिडकीपाशी गेले. खिडकीतून पाहिलं तर ती जांभळ्या रस्त्यावरून सरळ चालत होती, कुठेही न बघता. दोन खांबांच्या पलीकडे जाऊन ती थांबली. मग वळली आणि तिने वर पाहिलं.

मी भिंतीचा आधार घेतला आणि जिना उतरायला लागले.